थार्गॉइड युद्धात पुढचा हल्ला कुठे होणार हे खेळाडूंना कळायचं कसं? आणि आपण खरंच अडवलं का?

निळा_धूमकेतू

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. एलिट डेंजरस हा अंतराळातला ऑनलाइन गेम मी सुरू केला तेव्हा थार्गॉइडचं, म्हणजे त्यातल्या एलियनचं, युद्ध संपून गेलेलं होतं. टायटनचे (त्यांच्या महाकाय जहाजांचे) अवशेष अजून जागेवर आहेत, तिथे जाऊन आलो, आणि एवढं प्रचंड काहीतरी साध्या खेळाडूंनी मिळून पाडलं यावर विश्वासच बसेना. शोधायला गेलं तर एकतर नुसत्या मारामारीचे व्हिडिओ मिळतात, नाहीतर इतक्या मुरलेल्या लोकांसाठी लिहिलेलं असतं की प्रत्येक दुसऱ्या शब्दाला थांबावं लागतं.

मला मुळात हे समजून घ्यायचंय की एवढ्या मोठ्या नकाशात, म्हणजे ४०० अब्ज तारे आहेत म्हणतात, त्यात एलियन कुठे आलेत, पुढच्या आठवड्यात कुठे येणार, कुठली सिस्टम (तारा आणि त्याचे ग्रह) वाचवायची आणि कुठली सोडून द्यायची हे लोक ठरवायचे कसे? कोणी एक सेनापती होता का? आणि दुसरं म्हणजे, ज्याला लढता येत नाही अशा माझ्यासारख्याचा तेव्हा काही उपयोग झाला असता का, की सगळं त्या गॉस तोफा लावलेल्या पट्टीच्या पायलटांच्याच जिवावर चाललं होतं? जे तेव्हा होते त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मी वाचेन सगळं.

आकडेमोड

छान प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कोणीतरी मराठीत नीट लिहून ठेवायलाच हवं होतं.

सेनापती वगैरे कोणी नव्हता. जे होतं ते म्हणजे डेटा, आणि तो डेटा कुठून यायचा ते आधी सांगतो कारण सगळ्या गोष्टीचा पाया तोच आहे. तू पीसीवर गेम खेळतोस तेव्हा गेम तुझ्या कॉम्प्युटरवर एक जर्नल फाईल लिहीत असतो, साधी टेक्स्ट फाईल, त्यात तू कुठे जंप मारलीस, काय स्कॅन केलंस, कुठे उतरलास सगळं ओळीओळीने पडत जातं. युद्ध सुरू झाल्यावर जंपच्या त्या ओळीत युद्धाची माहितीपण यायला लागली, म्हणजे या सिस्टमची आत्ताची स्थिती काय, जिंकलो तर पुढची स्थिती काय, हरलो तर काय, पट्टी (खेळाडूंच्या कामाची मोजपट्टी) किती भरलीय, किती पोर्ट म्हणजे स्टेशनं शिल्लक आहेत. आता एकट्याच्या फाईलने काय होणार? पण मार्केट कनेक्टरसारखी छोटी अ‍ॅप्स ही फाईल वाचतात आणि ईडीडीएन नावाच्या एका सामाईक नेटवर्कवर पाठवून देतात, आणि ज्या साइट्सना हवंय त्या तिथून उचलतात. ते नेटवर्क युद्धाच्या कितीतरी आधीपासून खेळाडूंनीच चालवलेलं होतं, बाजारभाव आणि तारे नोंदवायला. युद्धात त्याचाच उपयोग झाला. डीसीओएच ओव्हरवॉच नावाची साइट होती, तिथे उघडलं की आठही मेलस्ट्रॉम (टायटनभोवतीचे विषारी ढग), त्यांच्याभोवतीच्या सगळ्या सिस्टम, कुठे अलर्ट, कुठे इन्व्हेजन, कुठे कंट्रोल, कुठली पट्टी किती टक्के, सगळं एका पानावर दिसायचं.

आता यात एक गोची अशी की आकडा तेव्हाच ताजा असतो जेव्हा अ‍ॅप चालू असलेला कोणीतरी त्या सिस्टममध्ये जाऊन येतो. ओसाड, नावाऐवजी नुसते आकडे आणि अक्षरं असलेली सिस्टम, तिकडे कोण फिरकणार? म्हणून काही लोक मुद्दाम फक्त फिरायचे. हलकं जहाज, लांब जंप रेंज, एकही बंदूक नाही, एका सिस्टममधून दुसरीत, तिसरीत, आकडा ताजा करायचा आणि पुढे. त्यांची नावं कुठल्या व्हिडिओत नाहीत पण त्यांच्याशिवाय बाकीचे आंधळेपणाने लढले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

स्थितींचं गणित थोडक्यात असं. दर गुरुवारी सकाळी ७ वाजता, यूटीसी, सगळा हिशोब लागायचा, त्याला टिक म्हणायचे. मेलस्ट्रॉमजवळच्या काही सिस्टमवर अलर्ट लागायचा. आठवडाभरात तो परतवला नाही तर वस्ती असलेली सिस्टम इन्व्हेजनमध्ये जायची आणि वस्ती नसलेली थेट थार्गॉइडच्या कंट्रोलमध्ये. इन्व्हेजनमध्ये स्टेशनं एकेक करून पडत जायची, अडवलं नाही तर तीपण कंट्रोलमध्ये. परत मिळवली की काही आठवडे रिकव्हरी. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मेलस्ट्रॉमच्या जितकं जवळ तितकी पट्टी भरायला जास्त कष्ट. त्यामुळे कडेपासून सोलत आत जायचं हे ठरलेलं होतं.

मग लोक ठरवायचे कसे, तर गुरुवारचा टिक झाला की आकडेवाले बसायचे, कुठे किती कष्ट लागतील याचा अंदाज काढायचे, आणि अँटी झेनो इनिशिएटिव्ह म्हणजे एएक्सआय सारखे ग्रुप आपापल्या डिस्कॉर्डवर त्या आठवड्याच्या टार्गेटची यादी टाकायचे. सक्ती कोणावरच नव्हती. पण सुरुवातीच्या काळात टिकपर्यंत पट्टी पूर्ण भरली नाही तर त्या कष्टांचं हातात फारसं काही उरायचं नाही, त्यामुळे दहा ठिकाणी थोडं थोडं करण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण करा हे लोकांना पटत गेलं. मला विचारशील तर युद्ध तिथे फिरलं. नवीन बंदुका आल्या तेव्हा नाही, लोक एका यादीवर यायला लागले तेव्हा.

दुर्बीण

आकडेमोडने २०२२ नंतरचं सांगितलं, मी त्याच्या मागचं सांगते कारण माग काढण्याची सवय या खेळाडूंना एका दिवसात लागलेली नाही.

२०१५ मध्ये लोकांना अंतराळात एक विचित्र वस्तू सापडायला लागली, तेव्हा तिला नुसतं अननोन आर्टिफॅक्ट म्हणायचे, नंतर कळलं की तो थार्गॉइड सेन्सर आहे. त्यातून आवाज यायचे, देवमाशासारखे हुंकार आणि मध्ये मध्ये टकटक. लोकांनी ती टकटक रेकॉर्ड केली आणि ते मोर्स निघालं! नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की ती वस्तू मोकळी सोडली की नेहमी एकाच दिशेला तोंड करते. वेगवेगळ्या जागांवरून त्या दिशा जोडल्या तर सगळ्या रेषा कृत्तिकांमधल्या मेरोपी ताऱ्याकडे जात होत्या. कॅनन रिसर्च ग्रुपमधली मंडळी यात सगळ्यात पुढे होती. मग २०१६ च्या सुरुवातीला त्याच कृत्तिकांच्या भागात ग्रहांवर बार्नॅकल नावाच्या थार्गॉइडच्या रचना सापडल्या. आणि ५ जानेवारी २०१७ ला एका खेळाडूला जंपच्या मधोमध कोणीतरी बाहेर खेचलं, जहाजाचे सगळे दिवे बंद, आणि समोर ते फुलासारखं उलगडणारं जहाज. त्या दिवशीचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल देव जाणे, आजही अंगावर काटा येतो.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे गेमने कधी बाण काढून दाखवला नाही की इकडे जा. १९८४ च्या मूळ एलिटमध्येसुद्धा थार्गॉइड होते आणि जंपच्या मध्ये येऊन गाठायचे, त्यामुळे जुन्या लोकांना शंका होतीच, पण पुरावा खेळाडूंनी खणून काढला.

आता २०२२. ऑगस्टमध्ये एचआयपी २२४६० या सिस्टममध्ये प्रोटियस वेव्ह नावाचं महाअस्त्र चालवलं गेलं, साल्व्हेशन नावाच्या गेममधल्या पात्राचा तो प्लॅन होता, सगळे थार्गॉइड एका फटक्यात संपवायचे म्हणून. ते फसलं आणि जमलेल्या मानवी ताफ्याचीच वाताहत झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी लोकांना आकाशात एक न ओळखता येणारा चमकता ठिपका दिसायला लागला. नकाशात तिथे तारा नाही, पण कॉकपिटमधून दिसतोय. लोकांनी त्याला स्टारगॉइड नाव ठेवलं. मग सुरू झाली खरी मजा. एका सिस्टममधून त्याचा फोटो घ्यायचा, मागचे तारे ओळखून दिशा काढायची, मग लांबच्या दुसऱ्या सिस्टममधून तेच, आणि दोन दिशा जिथे छेदतात तिथे तो आहे. खगोलशास्त्रात ताऱ्यांचं अंतर काढायला जो पॅरॅलॅक्स वापरतात तोच, फक्त इथे पृथ्वीच्या कक्षेऐवजी आपलं जहाज काही प्रकाशवर्षं हलवायचं. काही दिवसांनी परत मोजायचं, म्हणजे वेगपण कळतो. असं करत करत एकाचे दोन, दोनाचे आठ झाले, आणि आठही जण बबलकडे म्हणजे मानवी वस्तीकडे येतायत हे आधी खेळाडूंच्या तक्त्यावर दिसलं. २९ नोव्हेंबर २०२२ ला अपडेट १४ आलं आणि युद्ध अधिकृत सुरू झालं, पण ते आले तेव्हा आम्ही दारात उभे होतो.

आठांची नावं तारानिस, लेइगोंग, इंद्र, ओया, कोसिहो, थॉर, रायजिन, हदद. जगभरातल्या मेघगर्जनेच्या देवतांची नावं आहेत ती.

ओझंवाली

लढता येत नाही त्याचा उपयोग काय, या प्रश्नासाठी मुद्दाम लॉगिन केलं. मी संपूर्ण युद्धात एकही इंटरसेप्टर (थार्गॉइडचं मोठं लढाऊ जहाज) मारलेला नाही आणि तरी मी युद्धात होते असं छातीठोक सांगते.

इन्व्हेजन लागली की स्टेशनवर माणसं अडकलेली असायची. तू मोठं जहाज घेऊन जायचास, इकॉनॉमी केबिन भरून, पॅसेंजर घ्यायचास आणि रेस्क्यू शिपवर नेऊन सोडायचास. प्रत्येक फेरी त्या सिस्टमच्या पट्टीत मोजली जायची, स्काऊट (त्यांचं छोटं जहाज) मारल्यासारखीच. जळणाऱ्या स्टेशनच्या आत तापमान इतकं वाढतं की हीट सिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारं उपकरण) नसेल तर पॅडवर पोचेपर्यंत मॉड्यूल करपायला लागतात, धुरात पॅडचा नंबर दिसत नाही, उडत्या भंगाराशी टक्कर होते, वर परत निघताना बाहेर थार्गॉइड. बंदूक न चालवता हृदयाचे ठोके वाढवायचे असतील तर याच्यासारखं काही नाही.

आणि ही परंपरापण जुनी आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये थार्गॉइडनी पहिल्यांदा स्टेशनं जाळली, त्यानंतर ऑपरेशन आयडा नावाचा ग्रुप उभा राहिला ज्यांचं कामच जळलेली स्टेशनं दुरुस्त करणं. दुरुस्ती म्हणजे काय तर मालाची भलीमोठी यादी, अमुक हजार टन हे, तमुक हजार टन ते, आणि तो सगळा माल खेळाडूंनी आपापल्या जहाजातून वाहून न्यायचा. कंटाळवाणं वाटेल ऐकायला. पण ज्या स्टेशनच्या खिडक्यांतून ज्वाळा बघितल्यात त्याच स्टेशनवर काही आठवड्यांनी दिवे लागलेले बघणं, बाजार उघडलेला बघणं, यासाठी मी अजून दुप्पट माल वाहिला असता.

कंट्रोल सिस्टमचा किस्सा तर अजूनच वेगळा. तिथे माणूसच नाही, स्टेशनं सोडून दिलेली, मग वाचवायचं कोणाला? तिथे सॅम्पल चालायचे. रिसर्च लिंपेट (छोटा ड्रोन) सोडून थार्गॉइड जहाजाच्या अंगाचा नमुना खरवडून घ्यायचा आणि रेस्क्यू शिपवर जमा करायचा, ते त्या सिस्टमच्या खात्यात पडायचं. साध्या रॅकमध्ये ते ठेवता येत नाही, गंज चढतो, त्यासाठी वेगळे गंजरोधक रॅक लागतात. काही जण यात इतके पटाईत झाले की जहाज एकदम थंड ठेवून थार्गॉइडच्या पोटाखाली तरंगत बसायचे आणि नमुन्यावर नमुना काढायचे. कितीतरी कंट्रोल सिस्टम या शांत लोकांनी एकही गोळी न झाडता सोडवल्या. पुढे मेलस्ट्रॉमच्या आत जाता यायला लागल्यावर टायटनमध्ये कोंडलेली माणसं कॅप्सूलमधून सोडवून आणायचंपण काम होतं, ते मला सगळ्यात जास्त जवळचं.

तेव्हा निळ्या धूमकेतूदादा, तुमचा उपयोग झाला असता. खूप झाला असता.

एकटा_जीव

सगळ्यांच्या उत्साहाचा आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. मीपण खेळलो तेव्हा. पण शेवटी कथा गेम बनवणाऱ्या फ्रंटियर कंपनीने लिहिलेली होती ना? प्रोटियस वेव्ह फसणार हे ठरलेलंच होतं, त्यासाठी खेळाडूंनी कितीही मदत केली असती तरी ते यशस्वी झालं नसतं. युद्ध चालू असताना पट्टीचे आकडेपण त्यांनी मध्ये मध्ये बदलले. आणि टायटन पाडायची सोय २०२४ मध्ये अपडेटने दिली तेव्हाच टायटन पडले, त्याआधी नाही. मग आपण अडवलं म्हणण्यात किती अर्थ आहे? मला तेव्हा आवडलं, पण इतिहास घडवला वगैरे म्हणवत नाही.

आकडेमोड

मुद्दा रास्त आहे आणि टाळणार नाही. कथेचे मोठे वळणबिंदू त्यांचेच होते. पण त्या वळणांच्या मधे जे घडलं ते कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. अमुक सिस्टम पडली आणि तिच्या शेजारची वाचली, का? कारण त्या आठवड्यात तिथे लोक होते आणि इथे नव्हते, बस. टिकच्या आदल्या रात्री ९० टक्क्यांवर अडकलेली पट्टी आणि जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून लोक झोप सोडून तिकडे धावतायत, हे कुठल्या स्क्रिप्टमध्ये नसतं. कधी भरायची, कधी नाही. नाही भरली की ती सिस्टम खरोखर जायची, तिथलं स्टेशन बंद, तिथे घर केलेल्या खेळाडूंना जहाजं उचलून दुसरीकडे जावं लागायचं.

आणि टायटनचं म्हणशील तर ते कधी मारता येतील हे त्यांनी ठरवलं, मान्य. पण किती सहज मारता येतील हे आपण ठरवलं. टायटनची सहनशक्ती त्याच्याभोवती किती कंट्रोल सिस्टम आहेत त्यावर होती. जितक्या जास्त सिस्टम त्याच्या ताब्यात तितका तो कठीण. म्हणजे त्या सॅम्पलवाल्यांनी आणि पॅसेंजरवाल्यांनी महिनोन्‌महिने जी कड सोलली त्याचंच फळ पुढे मिळालं. तारानिस सगळ्यात आधी गेला, आणि त्यानंतर लोक इतके तयार झाले की नंतरचे टायटन त्याच्यापेक्षा खूप लवकर पडले.

दुर्बीण

एकटा_जीव यांच्या मुद्द्यावर दुसरं उदाहरण देते, इव्ह ऑनलाइन या दुसऱ्या अंतराळ गेमचं. तिथे २८ मे २०१९ ला इन्व्हेजन एक्स्पान्शन आलं आणि ट्रिग्लाव्हियन नावाचे आक्रमक साध्या सुरक्षित सिस्टममध्ये घुसायला लागले. पण तिथे एक जबरदस्त फरक होता, खेळाडूंना बाजू निवडता यायची. काही जण एडेनकॉमच्या बाजूने सिस्टम वाचवायचे आणि काही जण ट्रिग्लाव्हियनच्या बाजूने ती पाडायचे, त्यांना किबरनॉट म्हणायचे. त्यामुळे तिथे माग काढणं म्हणजे एलियनचा नाही, समोरच्या खेळाडूंचा. २०२० मध्ये नियारजा नावाची सिस्टम पडली. ती जिटा आणि अमार या दोन मोठ्या बाजारांमधल्या सुरक्षित रस्त्यावर होती, आणि ती गेल्यावर जो रस्ता दहाएक जंपचा होता तो पूर्ण सुरक्षित वाटेने चाळीसच्या वर गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये अशा २७ सिस्टम नकाशातून तोडून पोखवेन नावाचा वेगळाच प्रदेश झाला आणि तो आजही तसाच आहे. कुठल्या २७ जाणार हे खेळाडूंच्या लढाईवर ठरलं.

तेव्हा चौकट कंपनीची, मान्य, पण चौकटीच्या आत काय भरलं जाणार हे जर लाखभर लोकांच्या आठवड्याच्या निर्णयांवर ठरत असेल तर त्याला मी तरी खेळाडूंचंच युद्ध म्हणेन.

एकटा_जीव

टायटनची सहनशक्ती कंट्रोल सिस्टमवर होती हे मला खरंच माहीत नव्हतं. मी शेवटच्या टप्प्यात फक्त सोलला परतलो होतो कोसिहोसाठी. त्या एका गोष्टीने माझं मत बरंच हललं. वळणं ठरलेली होती यावर मी ठाम आहे, पण बाकीचं मागे घेतो.

निळा_धूमकेतू

बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. ओझंवाली ताई, तुमचा रिप्लाय दोनदा वाचला. आता सोलचं काय ते सांगा ना कोणीतरी, कोसिहो सोलला आला म्हणजे आपल्या सूर्यमालेत? आणि अजून एक, आज थार्गॉइडशी लढायला शिकायचं असेल तर काही उरलंय का, की मी उशिरा आलो?

गॉस_चार

सोलचं मी सांगतो, होतो तिथे.

आठातले सात पडले आणि शेवटचा कोसिहो २०२४ च्या डिसेंबरमध्ये थेट सोलमध्ये आला. पृथ्वीच्या शेजारी. गेममध्ये एरवी सोलला जायला परमिट लागतं, कितीतरी लोकांनी ते मिळवायला आधी महिने घालवलेले, आणि तिथेच हे संकट. ज्यांनी वर्षभर गेम उघडला नव्हता ते परत आले. नवीन लोक आले. नेव्हिगेशन पॅनेलवर पृथ्वी, चंद्र, मंगळ ही नावं आणि त्यांच्यामध्ये इन्व्हेजनच्या खुणा, हे बघून गप्प झालो होतो मी. लोक स्टेशनांवरून माणसं काढत होते, लोक कॉन्फ्लिक्ट झोनमध्ये होते, लोक मेलस्ट्रॉमच्या आत टायटनवर होते, तिन्ही एकाच वेळी. टायटन मारायची पद्धत अशी की आधी त्या विषारी ढगातून आत शिरायचं, त्याची एक लाट येते ती पल्स न्यूट्रलायझरने अडवायची नाहीतर ती तुला बाहेर फेकते, मग त्याचे उष्णता बाहेर टाकणारे व्हेंट फोडायचे, की कोअर उघडा पडतो, त्यावर जेवढं आहे तेवढं झाडायचं आणि वेळेत लांब पळायचं. अशी आठ हार्ट (फोडायचे मर्मबिंदू). तो डिसेंबर संपायच्या आत कोसिहो गेला.

आता शिकायचं असेल तर, उशीर अजिबात झालेला नाही. कृत्तिकांकडे, कोलसॅक नेब्युलाकडे थार्गॉइड अजून भेटतात, नॉन ह्यूमन सिग्नल सोर्स शोध, त्याच्यापुढे थ्रेटचा आकडा असतो, छोट्या आकड्यापासून सुरू कर. आधी स्काऊट मार. मग सायक्लॉप्स, तो सगळ्यात सोपा इंटरसेप्टर, त्याला चार हार्ट असतात. बॅसिलिस्कला पाच, मेड्युसाला सहा, हायड्राला आठ. हायड्राच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस.

जहाज अलायन्स चीफटन घे, डोळे झाकून. वळतं छान, अंग कणखर, किंमतपण झेपण्यासारखी. एका जहाजावर प्रयोगात्मक शस्त्रं चारच लावता येतात, हे लक्षात ठेव, माझं नाव त्यावरूनच आहे. गार्डियन गॉस उत्तम पण त्यासाठी गार्डियन या लुप्त एलियन जमातीच्या अवशेषांवर जाऊन ब्लूप्रिंट आणि साहित्य गोळा करावं लागतं, ती एक वेगळीच सफर आहे, कर जमेल तेव्हा. तोवर एएक्स (थार्गॉइडविरोधी) मल्टीकॅनन चालतील. फ्लॅक लाँचर लाव थार्गॉन स्वॉर्मसाठी, म्हणजे त्यांच्या छोट्या ड्रोनच्या थव्यासाठी, झेनो स्कॅनर लाव नाहीतर हार्ट दिसणार नाही, शटडाऊन फील्ड न्यूट्रलायझर लाव नाहीतर एका झटक्यात जहाज बंद पडेल आणि तू नुसता बघत बसशील.

आणि सगळ्यात मोठी युक्ती, थंड राहा. जहाजाचं तापमान २० टक्क्यांच्या खाली ठेवलंस तर त्यांचा नेम चुकतो. गॉस गरम असते, प्रत्येक गोळीला तापमान चढतं, म्हणून हीट सिंक कधी टाकायचं याचा ताल बसवावा लागतो. हा ताल बसला की सायक्लॉप्स तुझा. याउलट अंगाला त्यांचा तो गंजवणारा पदार्थ चिकटला तर तेव्हा जहाज मुद्दाम तापवायचं, तो जळून जातो. म्हणजे एकाच लढाईत कधी थंड, कधी गरम, हे सगळं हाताशी बटणं नीट लावलेली असतील तरच जमतं. आधी कीबाइंड बसव, मग लढायला जा.

ओझंवाली

गॉस_चारने सगळं बरोबर सांगितलंय, फक्त एक जोड. पहिल्यांदा हायपरडिक्शन झालं, म्हणजे जंपमधून बाहेर खेचलं गेलास, की घाबरून तोफा उघडू नकोस. जहाज बंद पडेल, काही सेकंद थांब, परत चालू झालं की सरळ दिशेत बूस्ट मारत राहा आणि पुढच्या सिस्टमला जंप लाव. बहुतेक वेळा तो फक्त बघून निघून जातो, विशेषतः पोटात त्यांचा कुठला माल नसेल तर.

आकडेमोड

आणि अ‍ॅप लाव रे. आजपासून. मार्केट कनेक्टर टाकायला काही वेळ लागत नाही आणि तू जिथे जिथे जाशील तिथला आकडा सगळ्यांना मिळेल. फेब्रुवारी २०२५ पासून सिस्टम वसवायची सोय आलीय, त्यामुळे नकाशा परत रोज बदलतोय, आणि ताज्या डेटाची गरज युद्धात होती तेवढीच आत्तापण आहे.

निळा_धूमकेतू

अ‍ॅप टाकलं. चीफटनसाठी अजून पैसे कमी पडतायत, तोवर पॅसेंजर मिशन करतोय म्हणजे दोन्ही जमेल. गॉस_चार, शनिवारी रात्री मोकळा असशील तर विंगमध्ये (सोबतच्या गटात) घेशील का? स्काऊटपासूनच सुरू करू.

गॉस_चार

घेतो की. पर्सनल मेसेज कर, आणि यायच्या आधी रीबायचे (नष्ट झालेलं जहाज परत घ्यायचे) पैसे बाजूला ठेव, दोन जहाजांचे.